पार्कसाहेबांची शिकवणी

१९८४ साली हुबळीच्या स्टँडवर कलघटगीच्या बसच्या रांगेत जनाबाईच्या पुढं दोघं बोलत होते. एक लिबियाहून परतलेला गवंडी.

"तीन वर्षं तिकडच्या कोरियन कंपनीतल्या पार्कसाहेबांनी त्यांची भाषा शिकवली, अण्णा. जिभेवर बसलीच नाही. परांचीवरून पडले, मरताना माझा हात धरून काहीतरी सांगत होते. एक अक्षर कळलं नाही."

"मग?"

"परवा अव्वा भाकरी थापताना तेच बोलली. जसंच्या तसं."

"तुझी आई तर कलघटगी सोडून कुठं गेली नाही!"

"म्हटलं, 'अव्वा, याचा अर्थ काय?'"

"काय म्हणाली?"

"हसली. म्हणाली, 'तीन वर्षं शिकवलं तुला, अजून अर्थ विचारतोस?'"

"देवा! आता?"

"वही घेतलीय. या वेळी नीट शिकतो."

बस लागली. जनाबाईनं दोघांना पुढं जाऊ दिलं. ती मागून आलेल्या बसनं गेली.