सुतळीने बांधलेला दांडा

जबाब, ता. २० मे १९६६, शुक्रवार, बेंगळूर.

नाव शालन कोम बसवंत काकतकर, वय ३४ वर्षे, धंदा रेशीम पिळाईच्या कारखान्यात मुकादमीण, मूळ राहणार तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, सध्या राहणार कारखान्याच्या आवारातील खोली, मागडी रस्ता.

मी आपण होऊन ठाण्यात आले आहे. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. जमादारसाहेब निपाणीकडचे असल्यामुळे माझे सांगणे मराठीत लिहून घेत आहेत. मी सांगते की,

माझा नवरा बसवंत चार वर्षांमागे वारला. त्याची धाकटी बहीण यल्लव्वा, वय २१, हिला मीच गावाहून आणून दोन वर्षांपूर्वी कारखान्यात लावले. आम्ही दोघी एका खोलीत राहतो.

गेल्या वर्षी पाऊस झाला नाही, म्हणून मार्चपासून रोज सकाळी दहा ते एक वीज बंद असते. आमचा फिटर गुरुराज म्हणाला होता, "अक्का, आपल्या राज्यात कोळशाची वीज नाही. सगळी धबधब्याची. जोगला पाणी येईल तेव्हा खरं." सुरुवातीला त्या तीन तासांत बायका घरी जाऊन येत. कोणी सव्वाला परते, कोणी दीडला. म्हणून एप्रिलपासून मॅनेजर नरसिंहराव यांनी दहाला दार बाहेरून कुलूप लावून बंद करायला सांगितले. किल्ली राखणदाराकडे असते. आत सत्तावीस बायका असतात.

शेडमध्ये एकच मोठी मोटर आहे, तिच्या पट्ट्यांवर सगळी यंत्रे चालतात. मोटरच्या स्टार्टरला दांडा असतो. वीज गेली की तो आपोआप खाली पडतो. मग कोणी हाताने वर चढवल्याशिवाय मोटर चालू होत नाही. नरसिंहराव म्हणाले, यात वेळ जातो, दांडा वरच बांधून ठेवा. गुरुराजने नाही म्हटले. त्याला दुसऱ्या खात्यात पाठवले. नंतर मला सांगितले. मी सुतळीने बांधला. महिनाभर रोज सकाळी मीच बांधत होते.

बुधवार ता. १८ रोजी दहाला वीज गेली व दार बंद झाले. साडेबाराच्या सुमारास यल्लव्वा सहा नंबरच्या यंत्राखाली बसून दातेरी चाकात अडकलेला धागा काढत होती. मी तिला पाणी प्यायला बोलावले. ती म्हणाली, "वैनी, स्वल्प थांब, एवढा गुंता काढते. वीज यायला वेळ आहे न्हवं?" मी म्हटले, अजून अर्धा तास आहे, सावकाश काढ.

वीज एकला वीस मिनिटे असताना आली. आधी कळवलेले नव्हते. सगळी यंत्रे एकदम चालू झाली.

यल्लव्वा ओरडली नाही. "वैनी" एवढेच म्हणाली. मी स्टार्टरकडे धावले. गाठ घट्ट बसली होती, बोटांनी सुटेना, म्हणून दातांनी सोडवली व दांडा खाली ओढला. त्याला किती वेळ लागला हे मला सांगता येणार नाही. मोटर थांबल्यावर चौघींनी मिळून चाक उलटे फिरवले व तिचा उजवा हात बाहेर काढला.

दार बंदच होते. राखणदार जेवायला गेला होता. आम्ही दार वाजवले, खिडकीच्या गजांतून हाका मारल्या. रस्त्यावरची दोन माणसे थांबली, पण त्यांना कुलूप तोडता आले नाही. राखणदार एक वाजून पाच मिनिटांनी आला. तोपर्यंत मी लुगडे फाडून तिचा हात बांधला होता व तिला मांडीवर घेऊन बसले होते. ती शुद्धीवर होती. घोड्याच्या जटक्यातून सरकारी इस्पितळात नेले. संध्याकाळी मनगटापासून हात काढला.

काल गुरुवारी नरसिंहराव इस्पितळात आले. वऱ्हांड्यात म्हणाले, "शालनबाई, झालं ते वाईट झालं. कारखाना मुलीला टाकणार नाही. खोलीही तुमच्याकडेच राहील. फक्त इथे सही करा." कागद कन्नडमध्ये होता. मी काय लिहिलेय विचारले. ते म्हणाले, घडले तेच लिहिले आहे. मी सही केली. ते गेल्यावर गुरुराज यल्लव्वाला बघायला आला, त्याने तो कागद ऑफिसात वाचला होता. दार उघडे होते आणि यल्लव्वाने न विचारता दांडा बांधला, असे त्यात असल्याचे त्याने सांगितले. रात्रभर मी तिच्या खाटेशी बसून होते. तिला काही सांगितले नाही.

त्या कागदावरची सही माझी आहे, मजकूर खोटा आहे. दांडा मी बांधला. हे लिहून घेतल्यास माझ्यावरही गुन्हा येऊ शकतो असे जमादारसाहेबांनी मला समजावून सांगितले व ते वाक्य ठेवायचे का असे विचारले. मी ठेवा म्हटले.

मला आणखी एक सांगायचे आहे. आता अकरा वाजले आहेत. कारखाना कालपासून चालू आहे. या वेळी वीज नसते. बायका आत असतील. कोणाला तरी पाठवून दार बघावे अशी मी विनंती केली. त्यावरून एक शिपाई सायकलने पाठवला व जबाब तेवढा वेळ थांबवला.

शिपाई बारा वाजता परत आला. दाराला कुलूप होते, ते त्याने राखणदाराकडून उघडवून घेतले, असे त्याने सांगितले. दार उघडल्यावर कोण कोण बाहेर आले, असे मी त्याला विचारले. कोणीही आले नाही, सगळ्या आपापल्या यंत्रापाशी बसून राहिल्या, असे तो म्हणाला.

येणेप्रमाणे माझे सांगणे मला मराठीत दोनदा वाचून ऐकवले. ते मी बोलले तसेच उतरले आहे. माझ्यावर कोणी दाब आणलेला नाही. सही मराठीत केली आहे.

शालन बसवंत काकतकर