चौघी म्हाताऱ्या

उदगीरच्या जनावरांच्या दवाखान्यात सुकन्या शेळी धरून रांगेत उभी होती. पुढं एक म्हातारा-म्हातारी टोपलीत चार कोंबड्या घेऊन बसले होते.

"सुमन, ह्यायला काय बी झालं न्हाई. म्हाताऱ्या झाल्या. चौघींची मिळून आठवड्याला दोन अंडी. रविवारी रस्सा करू."

"अंडं दिलं न्हाई की लगेच रस्सा?"

"मग काय, पेन्शन द्यायची?"

"द्या की. तुमी तरी पेरणीपासून कुठं शेतात गेलाव?"

"माझे गुडघे दुखायलेत."

"हाव की. मग मी केला का तुमचा रस्सा?"

सुकन्यानं पदर तोंडाला लावला.

नंबर आला, तशी म्हाताऱ्यानंच घाईनं टोपली उचलली.

"साहेब, आधी तांबडीला बघा. दोन दिस झाले, माझ्या हातचे दाणे बी टिपंना झालीय."