दोन ट्रायपॉड आणि एक दाजी

...आणि वर मलाच विचारतात, “मेहुणे, यात माझं नक्की चुकलं कुठे?” आता काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू! बहिणीचा नवरा, वयाने मोठा, तोंडावर ‘सगळंच चुकलं’ म्हणता येत नाही, आणि ‘काही नाही चुकलं’ म्हणावं तर आमची ताई स्वयंपाकघरात उभी... तिचा कान म्हणजे काय विचारू नका! कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही, पण बाहेरच्या खोलीत कोणी दाजींची बाजू घेतली की हातात झारा घेऊन दारात हजर!

माणूस वाईट नाही हो! तुम्हाला सांगतो, आमचे दाजी म्हणजे विम्याच्या ऑफिसात हयात घालवलेला माणूस. ऑफिसचं पेन चुकून खिशातून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवणार, आणि नुसतं ठेवणार नाही, शिपायाला गाठून सांगणार, “काल चुकून गेलं होतं बरं का!” त्या शिपायाला काय त्याचं? तो म्हणतो, “असू द्या की साहेब.” झालं! दाजी संध्याकाळी माझ्याकडे. “मेहुणे, तो ‘असू द्या’ का म्हणाला असेल? त्याला मी तसला वाटलो असेन का?” असा माणूस!

आणि अशा माणसाला माझ्या भाचीने कॅमेरा दिला. ती दूर नोकरीला, तिने स्वतःला नवा घेतला आणि जुना बापाला पाठवला, “बाबा, आता वेळ आहे ना, पक्ष्यांचे फोटो काढा.” पोरगी गोड आहे, पण कॅमेरा फुकट मिळणं याच्यासारखी महागडी गोष्ट नाही! कॅमेरा आला की त्याला बॅग हवी, बॅग आली की जादा बॅटरी हवी, कार्ड हवं, काच पुसायचं मऊ फडकं हवं, धूळ उडवायचा फुगा हवा... अहो, नातवंडाच्या बारशाला एवढं सामान लागत नाही! बरं, ते सगळं झालं, तरी फोटो हललेले. बगळा काढला तर धुरासारखा. खंड्या काढला तर निळं बोट पुसल्यासारखं. ताईला दाखवला, ती म्हणाली, “छान आलंय आभाळ.”

तेव्हा ठरलं, ट्रायपॉड पाहिजे. तीन पायांचा स्टँड. परवडणारा, पण हलायचा नाही असा.

दाजी गेले स्टुडिओकाकांकडे. कोपऱ्यावरचं फोटोचं दुकान, काका जख्ख म्हातारे नाहीत, पण गुडघे कधीच निवृत्त झालेत. ताई-दाजींच्या लग्नाचे फोटो यांनीच काढलेले, आणि ते कुणी विसरू नये याची काळजीही तेच घेतात. “या विमासाहेब! तुमच्या लग्नात तुम्ही डोळे मिटत होतात, आठवतं ना? मी होतो म्हणून एकात तरी उघडे आले!” हे दरवेळी. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, त्या माणसाने आमच्यासाठी अख्खी दुपार घातली. एकेक स्टँड काढायचा, पाय लांब करायचे, खटके लावायचे, “हा बघा, हलका आहे, पण वाऱ्यात नाचतो. हा घ्या, हा नाचत नाही, पण उचलायला जावई लागतो.” मग एक निवडला, तो फुटपाथवर नेऊन उभा केला आणि बस जाईपर्यंत आम्हाला तिथे थांबवलं. बस गेली. “हलला? बोला, हलला?” नाही हलला. मग आत आणून त्याचे पाय फाकवून पार जमिनीला टेकवले, “पाण्यातले पक्षी असे काढायचे,” म्हणून स्वतः फरशीवर पालथे झोपले! त्यांना उठवायला मी आणि दाजी, दोघं लागलो. वरून काकूंनी चहा पाठवला. बिस्किटं पाठवली.

आणि भाव विचारल्यावर दाजींचा चेहरा जरा उतरला. म्हणाले, “विचार करून सांगतो.”

विचार कसला डोंबलाचा! दुकानाची पायरी उतरलो, कोपरा वळलो, तर यांनी खिशातून फोन काढला. बटणं दाबली. तोच स्टँड, तोच रंग, बराच स्वस्त. “मेहुणे, हे बघा! हे बघा!” आणि मी बोलू नये ते बोललो, “मग मागवा की, हल्ली सगळे तेच करतात.” संपलं! आता घरात काहीही झालं की ताई म्हणते, “तूच म्हणालास ना, हल्ली सगळे तेच करतात?” अहो, पण करतातच ना? दुकानात जाऊन कापड चाचपायचं, चप्पल घालून चालून बघायची, गादीवर लोळून घ्यायचं, आणि मागवायचं फोनवरून. दुकानं आता बघायला उरलीत. उद्या दारावर तिकीट लावतील तरी नवल नाही!

पण माणूस वाईट नाही हो! वाईट असता तर मजेत राहिला असता. स्टँड निघाला त्या दिवसापासून दाजींची झोप उडाली. फोनवर दिसतं ना हल्ली सगळं, पार्सल कुठे पोचलं ते? तुम्हाला सांगतो, मुलगी पहिल्यांदा एकटी प्रवासाला गेली तेव्हा एवढं बघितलं नसेल! “मेहुणे, लांबच्या कुठल्या गोदामात गेलाय. मेहुणे, गोदामातून निघाला. मेहुणे, आपल्या गावात आला!” आणि तोंड असं, जणू पोलिस येतायत. दाराची घंटा वाजली तर आधी खिडकीतून बघितलं, रस्त्यात स्टुडिओकाका नाहीत ना. पार्सलवाल्याच्या हातातून खोका असा ओढून घेतला की तो बिचारा म्हणाला, “साहेब, पैसे दिलेत तुम्ही, चोरीचा नाही.” नेमकं हेच म्हणायचं होतं त्याला!

पुढे गंमत बघा. स्टँड घरात आला, पण बाहेर न्यायचा कसा? तळ्याकडे जायचा रस्ता काकांच्या दुकानावरून. दाजी मागच्या गल्लीने जायला लागले, भंगाराच्या गोदामाला वळसा घालून, नाल्यावरच्या फळीवरून. आणि स्टँड दिसू नये म्हणून त्याला घातला जुना पायजमा. पायजम्याचा एक पाय कापला, त्यात स्टँड सारला आणि वरून नाडी आवळली! निळ्या रेघांचा पायजमा. शेजारच्या वहिनी ताईला विचारतात, “भावजी रोज सकाळी काय घेऊन जातात हो? बासरी शिकतायत का?”

आणि व्हायचं तेच झालं. एक दिवस दाजी तळ्यावर, स्टँड उभा, पायजमा गळ्यात, समोर पाणकोंबडी, आता बटण दाबणार... मागून आवाज, “अहो विमासाहेब!”

स्टुडिओकाका! डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून फिरायला आलेले! पाणकोंबडी गेली. काकांनी स्टँडकडे बघितलं, दाजींनी काकांकडे बघितलं, आणि आयुष्यात ऑफिसचं पेन न ढापलेला हा माणूस म्हणतो, “माझा नाही! मित्राचा आहे!”

“असं होय,” काका म्हणाले. “मित्राची पारख चांगली आहे हो. आपण बघितला तोच आहे हा! पण वरची पट्टी सैल ठेवलीय, कॅमेरा पडेल एखाद्या दिवशी.” आणि खिशातून नाणं काढून, वाकून, त्या गुडघ्यांनिशी वाकून, पट्टीचा स्क्रू पिळून दिला. “मित्राला सांगा, अधूनमधून बघत जा म्हणावं.” पायजमासुद्धा कौतुकाने हातात घेऊन बघितला, “ही कल्पना बाकी झकास!” निघाले. चार पावलं गेले आणि वळले. “तुमचा बाजूला काढून ठेवलाय बरं का. परवा एकजण मागत होता, म्हटलं, नाही, हा विमासाहेबांचा. ते विचार करतायत.”

ते विचार करतायत! अहो, शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं! दाजी घरी आले, जेवले नाहीत. ताई म्हणाली, “ताप आहे का?” नाही. “मग पित्त असेल.” पित्तच म्हणायचं ते, पण पोटातलं नव्हे. संध्याकाळी माझ्याकडे आले, “मेहुणे, चला.” “कुठे?” “चला म्हणतो ना!”

गेलो दुकानात. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांदेखत या माणसाने तोच स्टँड, हुबेहूब तोच, काकांनी सांगितलेल्या भावाने, एक अक्षर न बोलता विकत घेतला! काकांनीच विचारलं, “काही कमी-जास्त बोलायचं नाही का?” “नाही.” “नक्की?” “काका, घ्या हो पैसे!” मी दाजींच्या कोपराला धरतोय, ते हात झटकतायत. बाहेर आलो तर चेहऱ्यावर असं तेज, जणू गंगेत बुडी मारून आले!

हे तेज घराच्या दारापर्यंत टिकलं. आत ताई.

“हे काय?”

“ट्रायपॉड.”

“मग ते पलंगाखाली काय आहे?”

“...ट्रायपॉड.”

तुम्ही आमच्या ताईला ओळखत नाही. ती ओरडत नाही. ती शांतपणे पदर खोचते. “कॅमेरे किती आहेत आपल्याकडे?” “एक.” “मग एक स्टँड आजच्या आज परत जाईल. कुठला ते तुम्ही ठरवा.” आता काकांचा परत करायची हिंमत कोणात आहे? फोनवरचा परत करायचा ठरला. दाजी बसले फोन घेऊन. तो फोन विचारतो, कारण सांगा. ‘वस्तू फुटलेली आली.’ नाही हो. ‘चुकीची वस्तू आली.’ नाही. ‘आवडली नाही.’ आवडली ना! दाजी माझ्याकडे बघतात, “मेहुणे, यात ‘लाज वाटली’ असं कुठे आहे?” कुठून असणार? एवढं सगळं शोधून काढलं जगाने, चेहरा बघून कुलूप उघडतं, बोललं की दिवा लागतो, पण माणसाला लाज वाटेल ही शंका कोणाला आली नाही! शेवटी मी ‘आवडली नाही’ दाबलं. तर लगेच, “खोटं कशाला लिहिलंत?” म्हणून माझ्यावरच चिडले!

पार्सलवाला आला, खोका घेऊन गेला. सुटलो म्हटलं. माणूस वाईट नाही, प्रकरण मिटलं, आता बगळे, खंडे, पाणकोंबड्या, काय काढायचं ते काढा!

पुढच्या आठवड्यात एका सकाळी घंटा वाजली. दारात स्टुडिओकाका. धापा टाकतायत, जिने चढून आलेले. हातात खोका. आणि खोक्यातून बाहेर लोंबतोय... निळ्या रेघांचा पायजमा! नाडीसकट! दाजींनी स्टँड परत करताना पायजमा काढलाच नव्हता!

दाजी भिंतीला टेकले. मी पाण्याचा पेला आणला, आणि तो कोणाला द्यावा कळेना म्हणून मीच प्यालो.

तुम्ही म्हणाल, तो स्टँड काकांकडे गेला कसा? आम्हीही तेच म्हटलं! तर काय, काकांची सून वरच्या मजल्यावर बसून फोनवरून माल विकते. काहीतरी झकपक नाव घेतलंय धंद्याला, कोणाला कळणार? दाजींनी तो स्टँड काकांकडूनच घेतला होता! काकांच्या माळ्यावरून लांबच्या गोदामात गेला, तिथून उलटा आमच्या गल्लीत आला, परत गेला, परत आला. दोन मिनिटांच्या रस्त्यासाठी त्या स्टँडने जेवढा प्रवास केला, तेवढा आमच्या घराण्यात कोणी केलेला नाही! सून माहेरी गेलेली, म्हणून खोका काकांनी उघडला, आणि आतून निघाला पायजमा.

आता शिव्या बसणार म्हणून आम्ही मान खाली घालून उभे. तर काकाच हात जोडतायत!

“विमासाहेब, माफ करा मला. तळ्यावर तुम्हाला तोंडघशी पाडलं मी. आणि तिकडे परक्या माणसाला स्वस्तात देतो, आणि समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला जास्त सांगतो. पण काय करू? फोनवर सगळे एकमेकांच्या खाली भाव लावतात, मलाही लावावा लागतो. दुकानात माणूस पाडून मागणारच, म्हणून आधी चढवून सांगायची सवय! तुम्ही घासाघीस का नाही केलीत? दोन्ही वेळा वाट बघत होतो मी!”

दाजींनी काकांचे जोडलेले हात धरले. “काका, तुम्ही आमच्यासाठी फरशीवर झोपला होतात हो... झोपलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची?”

आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी! जास्तीचे पैसे काकांनी टेबलावर ठेवले, दाजींनी ते काकांच्या खिशात कोंबले. काकांनी बोलता बोलता सांगितलं की माल परत आला की जाण्यायेण्याचा खर्च विकणाऱ्याच्या बोकांडी बसतो... झालं! दाजी पुन्हा पांढरेफटक. “म्हणजे मी तुमचं आणखी नुकसान केलं? तो स्टँड इथेच ठेवा! नेला तर माझी शपथ आहे!” “ठेवणार नाही, तुमच्यावर का भार?” “ठेवाच!” “नाहीच!” दोघंही स्टँडचा एकेक पाय धरून ओढतायत, तिसरा पाय माझ्या बरगडीत! शेवटी ताई आतून आली, पदर खोचलेला. स्टँड दोघांच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, “काका, चहा घेऊन जा. दोन्ही इथेच राहू देत.”

आता राहिले. ताईने दोन्ही गच्चीवर उभे केलेत, अंतर ठेवून, पाय पुरते फाकवून, आणि मध्ये बांधलीय दोरी. पायजमे, चादरी, टॉवेल, सगळं वाळतं. आणि पक्षी? अहो, तळ्यावर जायची गरज नाही! बुलबुल काय, साळुंक्या काय, रोज त्याच दोरीवर ओळीने येऊन बसतात. दाजी कॅमेरा हातात घेऊन दारातून बघत असतात. मी म्हटलं, “काढा की फोटो!” तर म्हणतात, “कसा काढू, मेहुणे? स्टँड मोकळा कुठाय?”