समोरचा डोंगर

गावात घर घेऊन शहरात ये-जा करायची म्हणता? जरूर करा, पण आधी माझं ऐका. शहरातल्या महाल भागातल्या माझ्या दुकानाच्या गजबजाटाला कंटाळून मी काटोल रोडवरच्या एका गावात घर घेतलं. समोर डोंगर, मागे संत्र्याची बाग, दुकान तासाभरावर. पहिल्याच सकाळी शेजारचे गुलाबराव माझ्या गाडीजवळ उभे.

"शेठ, महालात चालले ना? एवढा मिक्सर दुरुस्तीले टाका."

मग रोज कोणाचा पंखा, कोणाची शिलाई मशीन. शेवटी सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन ओट्यावर निवांत बसलो, तर गुलाबराव कुकर घेऊन हजर.

"आज काहून नाही गेले?"

"दुकान बंद आहे. आणि गुलाबराव, मी इथं हा डोंगर पाहायले आलो ना!"

त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तो कुठं पळून राहिला, शेठ? तुम्ही जाऊन या. तोवर मी पाहतो त्याले."