नदीनं धाडलेली बाई

लेक : सरक जरा अशी, माझ्या खांद्याला टेक. आणि डोळ्याच्या पट्टीला हात लावू नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय? आज तू नुसतं ऐकायचंस. अशी गोष्ट ऐकवते, की दुखणं विसरशील.

आई : तुझ्याकडे गोष्टींना काय तोटा! पुस्तकभर मांडून ठेवल्यास. आधी सांग, छापायला कधी जायचं?

लेक : उद्या सकाळी. म्हणून तर शेवटची पानं घेऊन आलेय. यातली अखेरची गोष्ट तुझी आहे.

आई : ठाऊक आहे. दूधवाल्याला सांगून झालं, समोरच्या बाईंना सांगून झालं, की माझं नाव पुस्तकात येणार. बाई म्हणाल्या, "लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापून येतंय की तुमचं!" मी म्हटलं, पत्रिकेत तरी कुठं आलं होतं? बिजवराच्या लग्नाला कसली पत्रिका!

लेक : झालं तुझं सुरू. अगं, प्रत्येक गोष्टीखाली ती कुणी सांगितली त्याचं नाव आहे. संपादकबाईंचा नेमच तसा, लोककथा कुणाच्या तोंडून ऐकली ते लिहायचं. तुझ्या गोष्टीवर मात्र खडाजंगी झाली. म्हणाल्या, "इतकी गोड सावत्र आई कुठल्या लोककथेत असते? हे तुम्ही पदरचं घातलंत." मी म्हटलं, माझ्या सावत्र आईनंच सांगितलीय, अक्षर न् अक्षर.

आई : मग? गप्प बसल्या?

लेक : कसल्या! म्हणाल्या, "हां, म्हणजे त्यांनी स्वतःचीच वकिली केलीय."

आई : हुशार आहे हो बाई! वाच, वाच आता.

लेक : "एक होती राणी. तिला एक लेक, मुठीएवढी. राजवाड्यामागं नदी. एक दिवस नदी उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, राणी, तुझे केस दे. राणीनं दिले. मग म्हणाली, तुझी झोप दे. राणीनं तीही दिली. मग म्हणाली, आता तूच चल. राणी म्हणाली, येते गं, पण माझ्या लेकीचे केस कोण विंचरणार? आणि तिनं गाणं म्हटलं..."

आई : थांब, ते मी म्हणते. "नदीबाई गं नदीबाई, घे माझी वेणी, माझ्या लेकीला विंचरायला धाड गं कोणी."

लेक : आवाज अजून तसाच आहे तुझा. पानावर चाल काही उतरत नाही बघ.

आई : कशी उतरेल? देवाचं नावसुद्धा नुसतं वाचलं तर कोरडं लागतं. गायलं की ओलं होतं. हं, पुढं.

लेक : "नदी म्हणाली, पैलतीरावरून एक बाई धाडते. पण लेकीनं काठावर जाऊन तिला म्हणायला हवं, आलीस? बैस, दमली असशील. तेवढं नाही म्हटलं, तर बाई आल्या पावली परत जाईल." इथं मोठं चित्र आहे. राणी आभाळाचा तुकडा फाडून डोक्याला बांधतेय. छान जमलंय चित्रकाराला, अगदी निळा रुमालच वाटतो, मागं गाठ मारलेला.

आई : कसला रुमाल?

लेक : निळा. तूच नाही का सांगायचीस, केस दिल्यावर राणीनं आभाळाचा तुकडा बांधला म्हणून?

आई : सांगायचे खरी. पण मला कुठून सुचला तो?

लेक : आता हे मी कसं सांगू? तुझी गोष्ट.

(आईचा हात डोळ्याच्या पट्टीकडे जातो.)

लेक : आई? डोळा ठणकतोय का? थेंब घालू?

आई : डोळ्याला काही झालं नाही. बाळा, ही गोष्ट मला तू सांगितलीस.

लेक : मी? काहीतरीच. रोज रात्री तू सांगायचीस, मला लख्ख आठवतंय.

आई : ते मागाहून. मी या घरात आले तेव्हा मला एक गोष्ट येत असेल तर शपथ! आमच्याकडे दिवे मालवले की निजायचं, एवढंच ठाऊक. तू मला शिकवलीस. एक शब्द इकडचा तिकडे झाला की मांडीवर चापट मारायचीस. मला वाटायचं, पोर मनानंच रचते.

लेक : चार वर्षांची पोर? एवढं सगळं?

आई : तेच तर म्हणते मी! इतकी वर्षं गायले, पण डोकं कधी चाललं नाही. तुझे बाबा थोरल्या ताईंविषयी, तुला जन्म देणाऱ्या आईविषयी, माझ्याशी एकदाच बोलले. कपाट आवरताना निळा रुमाल हाती लागला, तेव्हा. म्हणाले, औषधांनी सगळे केस गेले होते, शेवटी हा बांधून असायची. एवढं बोलले आणि रुमाल घेऊन बाहेर निघून गेले.

लेक : पण फोटोत तर तिची केवढी लांब वेणी आहे.

आई : फोटो दुखण्याआधीचा.

लेक : म्हणजे नदीनं केस मागितले...

आई : आणि झोपही मागितली. तसल्या दुखण्यात झोप कुठली गं?

लेक : म्हणजे ही तिची गोष्ट.

आई : ताईंचीच. अंथरुणावर पडून, तुला कुशीत घेऊन रचलेली. मी दारात उभी राहिले त्या दिवशी पाहुणे माझ्याकडे असे बघत होते, जशी चोरीच करायला आलेय. खरं सांगते, आल्या पावली परत गेले असते. तेवढ्यात तू पुढं आलीस, हातात फणी घेऊन. म्हणालीस, "आलीस? बैस, दमली असशील." मी मनात हात जोडले, म्हटलं, देवा, काय लेकरू पदरात घातलंस! देवानंच घातलं, पण पढवून ठेवलं होतं ताईंनी.

लेक : आणि मी तिला विसरले. लोकांना आईचं काहीतरी आठवतं, निदान एखादा वास. माझी पाटी कोरी. मला वाटायचं, तिनं माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही.

आई : मला ठेवलं की.

लेक : शेवट ऐक. "लेक बाईचं बोट धरून घरी निघाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही." वाचून दाखवलं की मुलं हटकून विचारतात, का नाही पाहिलं? मी म्हणायचे, गोष्टच तशी आहे. आई, हे वाक्य बदलू का? एकदा तरी वळू दे तिला.

आई : नको गं. ते बोलताना त्या माउलीच्या काळजाचं काय झालं असेल, ते परमेश्वरालाच ठाऊक. तरी बोलल्या. त्याला हात लावू नकोस. बदलायचं तर खालचं बदल.

लेक : खालचं?

आई : सांगणारीचं नाव. माझं काढ, त्यांचं घाल.

लेक : दोघींची घालते.

आई : उगीच वाटे नकोत. मी अजून चालतीबोलती आहे, तू दिवसातून शंभरदा हाक मारतेस. त्यांचं नाव या घरात कुणी घेतलं नाही. बाबांना सोसवायचं नाही म्हणून नाही घेतलं, मग तशीच सवय पडली.

लेक : पण तू किती खुशीत होतीस! सगळ्यांना सांगून बसलीस.

आई : होते तर. खोटं कशाला बोलू? पुस्तक छातीशी धरून घरोघर हिंडणार होते. चटका लागतोच. पण त्यांचं घर घेतलं, त्यांची लेक घेतली. आता गोष्टही घेऊ?

लेक : आई...

आई : रडून घे. फक्त पानं बाजूला धर, शाई फुटेल. झालं? खोडलंस?

लेक : खोडलं. तिचं लिहिलं.

आई : वाच मग. मोठ्यानं वाच, मला कुठं दिसतंय.

लेक : "सांगणारी..." नाही गं, तोंडून निघत नाही. हे नाव मी कधी घेतलंच नाही.

आई : मग आज घे. सावकाश घे. आणि पुढं कुठंही मुलांना ही गोष्ट सांगायला बसलीस, की नदीच्या आधी ते नाव घेत जा. ताईंची तेवढी आठवण ठेव, बाळा.