आरशावरचा ओरखडा

पानी घ्या, पन तो फोन खिशात ठेवा आधी. कालपन एक जन येऊन गेला, विम्याचा मानूस म्हनतो. तुमी कोन — पेपरवाले? नाय म्हनता. पोलीस? पोलीस काय टोकावड्याला एसटीनं उतरून उन्हातनं चालत येनार? मग कंपनीचेच. गोदू कुठं काय बोलते ते बघायला धाडलंय. तर ऐका, गोदूनं लिहून दिलंय तेच. आरसा मी पदरानं पुसला, ओरखडा पडला, फोटोत रेघ आली. सही माझीच, तेवढी येते. झालं?

झालं म्हनते, तरी बसलात.

पदरानं! सात वर्सं सांभाळले मी ते आरसे, परातीएवढे दोन. बोट लावायचं नाय, रबरी फुग्यानं निसती फुंकर मारायची. कंपनीच्या मुरबाडच्या शेडात आगीसारखी हवा सोडतात — आवाजाच्यापन पुढं पळनारी — ती डोळ्याला दिसत नाय. आरशांवरनं उजेड फिरवला का कॅमेऱ्यात दिसते. मिताली मॅडमनंच दाखवलं मला. इंजिनेर ती, पन माझ्या डब्यातली नाचनीची भाकरी हक्कानं खायची. "गोदूताई, आरशापुढं हात धर" म्हनाली, तर पडद्यावर माझ्या हातातनं वाफा निघतायत, भाताच्या टोपातनं निघाव्या तशा! निसती अंगाची ऊब हो.

हवेच्या बोगद्याला आत बघायला काचेची खिडकी असते. त्या दिवशी पडद्यावर काळी रेघ आली, थेट त्या काचेला भिडलेली. मॅडम म्हनाली, "सायेब, झोताचा दनका काचेवर बसतोय, काच जाईल, थांबवा." सायेब म्हनले, "बुधवारी पाव्हने बघायला येनारेत. आरशावर ओरखडा असंल." आता ओरखडा असता तर हवा बंद केल्यावरपन दिसला असता का नाय? पडदा कोरा होता. मी सोता बघितला —

हे मी बोलले नाय. तुमी ऐकलं नाय.

दुसऱ्या दिवशी काच फुटली. मॅडमला सायेबांनीच आत कॅमेऱ्यापाशी धाडलेलं. उजवा डोळा गेला पोरीचा. मग सायेब कागद घेऊन घरी आले. कागदात काय, तर ओरखड्यानं फोटोच खोटा आला, म्हनून काचेचा धोका कुनाला कळला नाय, आनि आरसे तपासायचं काम मॅडमचं — म्हंजे चूक तिची! माझ्या लेकीला, दामिनीला, हापिसात घेतो म्हनले. घेतलीपन. रोज जाते ती.

मॅडमला? गेलेले ना कल्यानला, दवाखान्यात. दारातनंच फिरले. डोळ्यावर पट्टी, उशाशी बाप बसलेला, माझ्याकडं पाठ करून, तिला चमच्यानं पेज भरवत होता —

अहो, डोळे कशाला पुसताय?

तुमी... तुमीच का ते?

आधी नाय का सांगायचं! मी काय काय बोलले तुमाला. नाय नाय, हात नका जोडू. माझ्यापुढं नका जोडू. कुठं येऊन सांगायचं हे, ते कागदावर लिहा, दामिनी वाचून दाखवंल — नको, दामिनी नको. तोंडानंच सांगा.

बरं. येईन.

आता उठा. दामिनीची जीप यायची वेळ झाली.