कोरडं पुसलेलं दार

शनिवारी गाडी धुवायच्या रांगेत मी काच खाली करून बसले होते. शेजारी पुसायच्या जागेत एक सासू नि तिचा जावई टोर्स्टन. गाडी तिच्या मेलेल्या नवऱ्याची, एर्विनची. सोमवारी जावयाच्या नावावर व्हायची होती. ऐकायचं नव्हतं मला, पण कानांना काय झाकण असतं?

“टोर्स्टन, छतावर मेण फवारलंस, बॉनेटवर फवारलंस. हे दार नुसतंच पुसलंस?”

“मारलं की, आई.”

“मी इथेच उभी आहे. डोळे गहाण नाही टाकले मी.”

“त्याला गरजच नाही. चमकतंय बघा.”

“तेच विचारते. बारा वर्षांच्या गाडीचं एकच दार कसं चमकतं?”

“उन्हामुळे.”

“सकाळपासून ढग आहेत, जावईबापू.”

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. माझा एर्विन दर शनिवारी ओल्या गाडीवर मेण मारायचा, मग पुसायचा. बोटभर जागा सोडली नाही कधी. आण ती बाटली, मीच मारते.”

“नको!”

“का? हात झडतील माझे?”

“अहो थांबा! नव्या रंगावर महिनाभर मेण चालत नाही!”

“कोण म्हणालं?”

“...गॅरेजवाला.”

“आणि परवा माझा केक खाताना तू म्हणालास, गाडीला ओरखडाही नाही.”

“तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून...”

“किल्ली आण.”

“मग मी घरी कसा जाऊ?”

“बसने जा. ती दुसरं कुणीतरी चालवतं.”